डेट्रॉइटचे फिशर बंधू आणि मालकीचे कोडे

पहिले महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक प्रत्येक मोटार उघडीच असे. ऊन, पाऊस आणि मिशिगनची बोचरी थंडी सोसतच तिच्यातून प्रवास करावा लागे, आणि डोक्यावर पक्के छत व बाजूंना काचा असलेली बंदिस्त गाडी ही श्रीमंतांची चैन समजली जाई. १९१९ मध्ये तयार होणाऱ्या गाड्यांपैकी जेमतेम १० टक्के बंदिस्त होत्या. १९२४ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर, १९२६ मध्ये ७२ टक्क्यांवर आणि १९२७ मध्ये ८५ टक्क्यांवर गेले, असे जनरल मोटर्सचे दीर्घकाळ प्रमुख असलेले आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. आठ वर्षांच्या या उलथापालथीमुळे गाडीची बॉडी हा मोटार उद्योगातील कळीचा भाग होऊन बसला. ती बनवणारा कारखाना कोणाच्या मालकीचा असावा, हा तोवर केवळ हिशेबनिसांचा आणि वकिलांचा वाटणारा प्रश्न त्यामुळे पुढे आला, आणि पुढील ऐंशी वर्षे अर्थशास्त्रज्ञ त्याचे उत्तर शोधत राहिले.

बॉडी बनवण्याच्या धंद्यात त्या काळी फिशर बंधूंचे नाव सर्वांत मोठे होते. हे घराणे ओहायो राज्यातील नॉरवॉक गावचे. वडील लोहारकाम करीत आणि घोडागाड्या बांधीत, आणि मुलांनी लाकडाचे व लोखंडाचे काम त्यांच्याच कर्मशाळेत शिकून घेतले. थोरले फ्रेड आणि चार्ल्स यांनी १९०८ मध्ये डेट्रॉइट येथे फिशर बॉडी कंपनी काढली, आणि १९१० मध्ये कॅडिलॅकने त्यांच्याकडे १५० बंदिस्त बॉड्यांची मागणी नोंदवली, जी त्या वेळच्या मानाने मोठीच होती. धाकटे भाऊ एकेक करून धंद्यात आले. घोडागाडीची बॉडी इंजिनाचे हादरे सोसू शकत नाही, तिच्या सांध्यांची घडणच निराळी हवी, हे या भावांनी ओळखले होते, आणि त्यांची खरी पुंजी म्हणजे हेच कसब होते. कारखान्याच्या भिंती, यंत्रे आणि लाकडाचे साठे कोणालाही पैसा ओतून उभे करता आले असते, पण सात भावांच्या हातचे काम आणि त्यांची एकजूट बाजारात मिळणारी नव्हती. पुढील साऱ्या कथेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

१९१९ मध्ये जनरल मोटर्सने फिशर बॉडी कॉर्पोरेशनचे ३ लाख नवे समभाग प्रत्येकी ९२ डॉलर दराने, म्हणजे २ कोटी ७६ लाख डॉलरला विकत घेतले आणि कंपनीचा ६० टक्के हिस्सा आपल्याकडे आणला. त्याच वेळी दहा वर्षांचा पुरवठा करारही झाला. जनरल मोटर्सने आपल्या जवळजवळ सर्व बंदिस्त बॉड्या फिशरकडूनच घ्यायच्या, आणि किंमत म्हणून उत्पादनखर्च अधिक त्यावर १७.६ टक्के द्यायचे, असे त्यात ठरले. फिशर इतर गिऱ्हाइकांना जी किंमत लावील तिच्यापेक्षा जनरल मोटर्सला जास्त लावता येणार नाही, आणि वाद झाल्यास तो लवादाकडे जाईल, अशीही कलमे होती. पाच वर्षांपर्यंत समभागांवरील मताधिकार मात्र एका विश्वस्त मंडळाकडे सोपवण्यात आला, ज्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान होते, आणि भावांशी नोकरीचे करारही पाच वर्षांचेच झाले. म्हणजे ६० टक्के समभाग हाती असूनही जनरल मोटर्सला फिशर बॉडीचा कारभार आपल्या मर्जीने चालवण्याचा अधिकार लगोलग मिळाला नव्हता. मालकीचा कागद एका बाजूला आणि निर्णयाची सूत्रे दुसऱ्या बाजूला, अशी ही रचना होती आणि ती दोघांनीही समजून-उमजून स्वीकारली होती.

कलमे काळजीपूर्वक घातलेली होती, तरी दहा वर्षांत काय काय घडेल हे कोणत्याच करारात मावणारे नव्हते. बंदिस्त गाड्यांची मागणी इतक्या वेगाने वाढेल असे १९१९ मध्ये कोणी गृहीत धरले नव्हते. नवे कारखाने कोठे उभारायचे, त्यांत भांडवल कोणी घालायचे, कोणत्या मॉडेलचे काम आधी हाती घ्यायचे, या गोष्टी कागदावर नव्हत्या, आणि त्या ठरवण्याचे प्रसंग दर वर्षी येऊ लागले. १९२४ मध्ये विश्वस्त मंडळाची आणि नोकरीच्या करारांची मुदत संपत आली तेव्हा भावांना बांधून ठेवणे ही जनरल मोटर्सपुढची खरी विवंचना होती. फ्रेड, चार्ल्स आणि लॉरेन्स यांना कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनात घेण्यात आले आणि १९२५ मध्ये कॅडिलॅकची धुरा लॉरेन्सकडे आली. अखेर १९२६ मध्ये जनरल मोटर्सने आपले समभाग देऊन उरलेला ४० टक्के हिस्साही घेतला, आणि फिशर बॉडी ही स्वतंत्र कंपनी न राहता एका महाकाय उद्योगाचा विभाग झाली. घटना म्हणून हे प्रकरण येथे संपते. अर्थशास्त्रातले त्याचे आयुष्य मात्र पुढे सुरू झाले.

अर्थशास्त्राला तोवर उद्योगसंस्थेच्या आत डोकावण्याची फारशी गरज भासली नव्हती. पाठ्यपुस्तकांत उद्योगसंस्था म्हणजे एका बाजूने कच्चा माल आणि श्रम आत घेणारी व दुसऱ्या बाजूने माल बाहेर काढणारी बंद पेटी असे, आणि किमती काय असतील यावर ती किती उत्पादन करील हे ठरे. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये अनिश्चिततेचा भार वाहणाऱ्या उद्योजकाची मांडणी केली होती, तरी एखादी वस्तू आपण बनवावी की बाहेरून विकत घ्यावी याचे उत्तर तिच्यातून मिळत नव्हते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा रोनाल्ड कोझ हा विद्यार्थी १९३१-३२ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या मनात हाच प्रश्न होता. रशियातील नियोजनकर्ते साऱ्या देशाची अर्थव्यवस्था एका कारखान्यासारखी चालवू पाहत होते आणि पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ ते अशक्य असल्याचे सांगत होते. पण मग फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्यासारख्या प्रचंड कारखान्यांत हुकमाने चालणारे नियोजन यशस्वी कसे होते, याचा मेळ त्याला बसत नव्हता. त्याने कारखाने पाहिले, व्यवस्थापकांना प्रश्न विचारले, आणि १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधील डंडी येथे दिलेल्या व्याख्यानात आपले उत्तर मांडले.

ते उत्तर असे की बाजारात व्यवहार करणे फुकट नसते. योग्य भाव शोधणे, सौदा ठरवणे, करार लिहिणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे या सर्वांना खर्च येतो, आणि त्यालाच पुढे व्यवहारखर्च असे नाव मिळाले. आतल्या आत हुकमाने काम करवून घेणे या खर्चापेक्षा स्वस्त पडते तेथवर उद्योगसंस्था वाढते, आणि जेथे ते महाग पडू लागते तेथे बाजार सुरू होतो. हा निबंध १९३७ मध्ये ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढील तीन-साडेतीन दशके त्याचा उल्लेख पुष्कळ झाला, उपयोग थोडाच झाला. त्यात एक मोठी जागा मोकळी होती. हुकूम देण्याचा अधिकार मालकाला कोठून मिळतो, आणि उद्योगसंस्था ज्याची आहे त्याच्याकडे दुसऱ्याजवळ नसलेले नेमके काय असते, याविषयी कोझ यांनी फारसे सांगितले नव्हते.

त्या प्रश्नाचे एक उत्तर १९३७ सालीच फिशर बॉडीच्या आवारात लिहिले गेले, असे मागे वळून पाहताना म्हणता येते, जरी त्या वेळी कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाच्या ते ध्यानात आले नसावे. ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथील फिशर बॉडीच्या एक क्रमांकाच्या कारखान्यात कामगारांनी यंत्रे थांबवली आणि बाहेर न पडता आतच ठाण मांडले. बॉडीचे पोलादी पत्रे ज्यांवर दाबून घडवले जात ते अवजड साचे, ज्यांना धंद्यात डाय म्हणतात, ते संघटना दुबळी असलेल्या दुसऱ्या गावी हलवले जात आहेत, या बातमीने ठिणगी पडली होती. १९३५ च्या मॉडेलांपासून फिशर बॉडीने गाडीचे छत पोलादाच्या एकाच अखंड पत्र्यातून घडवायला सुरुवात केली होती, आणि अशा कामाचे साचे मोजक्याच ठिकाणी असल्याने त्यांच्यावाचून जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या गाड्यांचे उत्पादन अडून राहिले असते. कामगारांनी हे अचूक हेरले होते.

कायद्याच्या दृष्टीने कारखाना जनरल मोटर्सचा होता आणि आत बसलेले कामगार अतिक्रमण करणारे होते. पहिला मनाईहुकूम ज्या न्यायाधीशाने दिला त्याच्याकडेच जनरल मोटर्सचे समभाग असल्याचे उघड झाल्याने त्या हुकमाची पत गेली. २ फेब्रुवारी १९३७ रोजी दुसऱ्या न्यायाधीशाने आवार रिकामे करण्याचा आदेश दिला, पण राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्डचे सैनिक शांतता राखण्यापुरते वापरले, कामगारांवर चालवून नेले नाहीत. ४४ दिवसांनंतर, ११ फेब्रुवारीला, कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला तिच्या सभासदांची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. मालकी म्हणजे इतरांना मालमत्तेपासून दूर ठेवता येण्याची ताकद, आणि ती ताकद शासनसंस्था पाठीशी उभी राहील तेवढीच खरी, ही गोष्ट त्या हिवाळ्यात जितकी उघडी पडली तितकी ती नंतरच्या समीकरणांतही क्वचितच दिसते.

याच सुमाराला मालकीविषयीची चर्चा दुसऱ्याच वाटेने चालली होती. अॅडॉल्फ बर्ल आणि गार्डिनर मीन्स यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे समभाग असंख्य लोकांत विखुरले गेले असून कारभार व्यवस्थापकांच्या हाती गेला आहे. मालकी आणि नियंत्रण यांची ही फारकत पुढे चाळीस वर्षे अभ्यासाचा विषय राहिली. १९७२ मध्ये आर्मेन अल्चियन आणि हॅरल्ड डेमसेट्झ यांनी निराळाच मुद्दा काढला. चार माणसे मिळून एक ओझे उचलतात तेव्हा प्रत्येकाचा वाटा मोजता येत नाही, म्हणून देखरेख करणारा कोणी लागतो, आणि त्याने कामात कुचराई करू नये म्हणून सर्वांचे देणे भागवून उरणारे उत्पन्न त्यालाच द्यावे लागते. हाच मालक, अशी त्यांची मांडणी होती. देखरेखीचे कोडे तिने सोडवले, पण मालकाच्या हुकमाला त्यांनी फार काही वेगळे मानलेच नाही, आणि तेथे ही मांडणी अपुरी पडते. फ्लिंटच्या कामगारांना तर ती मुळीच पटली नसती.

१९७८ मध्ये बेंजामिन क्लाइन, रॉबर्ट क्रॉफर्ड आणि अल्चियन यांनी ‘जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स’मध्ये लिहिलेल्या निबंधात फिशर बॉडी पहिल्यांदा मध्यभागी आली. एखाद्याने एकाच गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल अशी यंत्रसामग्री उभारली की ती दुसरीकडे मातीमोल ठरते, आणि मग समोरचा पक्ष कराराच्या फटीत शिरून अडवणूक करू शकतो, हे त्यांचे सूत्र होते. अडवणुकीच्या भीतीने कोणी भांडवल घालायलाच धजत नाही, आणि म्हणून दोन्ही व्यवसाय एकाच मालकीखाली येतात. उदाहरणादाखल त्यांनी सांगितले की मागणी वाढल्यावर फिशरने करारातील १७.६ टक्क्यांचा गैरफायदा घेतला. खर्चाच्या हिशेबात भांडवलावरील व्याज धरलेले नसल्याने त्याने यंत्रांऐवजी मजूर जास्त लावले, आणि जनरल मोटर्सच्या जुळणी कारखान्यांजवळ आपले कारखाने उभारण्यास नकार दिला. ही कहाणी सुटसुटीत होती आणि मनात ठसणारी होती. पाहता पाहता ती जगभरच्या वर्गांतून शिकवली जाऊ लागली, आणि ऑलिव्हर विल्यमसन यांच्या व्यवहारखर्चाच्या सिद्धांतालाही तिने बळ दिले.

तरीही एक पेच होता. फिशर बॉडी विकत घेतली म्हणून फिशर बंधूंची संधिसाधू वृत्ती नाहीशी कशी होणार? कालचा पुरवठादार आज विभागप्रमुख झाला तरी माणूस तोच. मालकी बदलल्याने नेमके काय बदलते याचे काटेकोर उत्तर सॅनफर्ड ग्रॉसमन आणि ऑलिव्हर हार्ट यांनी १९८६ मध्ये दिले. प्रत्येक करार अपुरा असतो, हे त्यांचे गृहीतक होते. कारण भविष्यातील सर्व शक्यता कोणाला आधी सुचत नाहीत, आणि ज्या सुचतात त्या न्यायालयात सिद्ध करता येतील अशा शब्दांत मांडता येत नाहीत. करारात जे लिहिले आहे ते दोघांनाही बांधते. जे लिहिलेले नाही त्याबाबत मालमत्तेचा वापर कसा करायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र मालकाचा असतो. या शिल्लक राहिलेल्या निर्णयाधिकारालाच त्यांनी मालकी म्हटले. नफ्याचा वाटा, पगार, दर या गोष्टी करारानेही वाटून देता येतात, पण हा शिल्लक अधिकार वाटून देता येत नाही. तो एकाकडे आला म्हणजे दुसऱ्याकडून गेला.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मालकी मिळालेल्याचा उत्साह वाढतो, कारण आपल्या मेहनतीचे फळ दुसरा अडवू शकणार नाही याची त्याला खात्री असते. पण त्याच वेळी मालकी गमावलेल्याचा उत्साह मावळतो. म्हणून विलीनीकरणाला नेहमीच किंमत असते, आणि कोणाची मेहनत अधिक मोलाची यावर मालकी कोणाकडे असावी हे ठरते. त्यांनी दिलेले विमा व्यवसायाचे उदाहरण सहज समजण्यासारखे आहे. विमेदारांची यादी एजंटाच्या मालकीची असेल तर तो गिऱ्हाईक टिकवण्यासाठी झटतो, कारण कंपनीशी बिनसले तरी यादी घेऊन तो दुसरीकडे जाऊ शकतो. यादी कंपनीची असेल तर जाहिरात आणि नव्या योजना यांवर खर्च करण्याची कंपनीची तयारी वाढते. ज्या प्रकारच्या विम्यात गिऱ्हाईक टिकवणे हे मुख्यतः एजंटाच्या मेहनतीवर अवलंबून असते तेथे यादी त्याच्याकडे असणे श्रेयस्कर ठरते.

हार्ट आणि जॉन मूर यांनी १९९० मध्ये हा विचार यंत्रांकडून माणसांपर्यंत नेला. त्यांच्या एका उदाहरणात एक धनाढ्य गृहस्थ, त्याच्यासाठी खास मेजवानी रांधणारा आचारी आणि नौकेचा तांडेल असे तिघे आहेत, आणि प्रश्न आहे की नौका कोणाच्या मालकीची असावी. तांडेल सहज बदलता येण्यासारखा असेल आणि तरीही नौका त्याचीच असेल, तर आचाऱ्याला आपल्या कौशल्याचे फळ विनाकारण तिसऱ्यालाही वाटून द्यावे लागते, आणि तो नवे काही शिकण्याचा खटाटोप कमी करतो. माणूस कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, परंतु ज्या साधनावाचून त्याचे कसब निरुपयोगी ठरते ते साधन ज्याच्या हाती, त्याचा शब्द तो माणूस मानतो. कोझ यांनी १९३७ मध्ये मोकळी सोडलेली जागा येथे भरली गेली. मालकाच्या हुकमामागचे बळ हे की तो कामगाराला यंत्रापासून दूर करू शकतो. फ्लिंटच्या कामगारांनी यंत्राशेजारी बैठक मारून नेमके हेच बळ ४४ दिवस निकामी केले होते. ज्या कंपनीच्या कथेवर सिद्धांत उभा राहिला तिच्याच इतिहासातील या अध्यायाकडे सिद्धांतकारांनी फारसे लक्ष दिले नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

दरम्यान मूळ कथेचाच पाया खचत होता. ए. ओ. स्मिथ या मिलवॉकीच्या कंपनीचा दाखला कोझ पूर्वीपासून देत असत. ही कंपनी मोटारींचे सांगाडे बनवीत होती, जनरल मोटर्स तिचे मोठे गिऱ्हाईक होते, तिची यंत्रेही अत्यंत विशिष्ट स्वरूपाची होती, आणि तरी ती दशकानुदशके स्वतंत्र राहिली. तेव्हा अडवणुकीच्या भीतीने विलीनीकरण अटळ होते असे म्हणता येत नाही. २००० सालच्या एप्रिलमध्ये, ज्या नियतकालिकातून फिशरची कथा पसरली त्याच्याच अंकात, तिची कठोर तपासणी झाली. नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या कोझ यांनी स्वतः दाखवून दिले की १९१९ पासूनच ६० टक्के समभाग जनरल मोटर्सकडे होते, फिशर बंधू तिच्याच व्यवस्थापनात बसत होते, आणि १९२२ ते १९२५ या काळात फिशरने उभारलेले नवे कारखाने जनरल मोटर्सच्या जुळणी कारखान्यांजवळच होते. रामोन कासादेसस-मासानेल आणि डॅनियल स्पल्बर यांनी निदर्शनास आणले की १९२० च्या दशकातील बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा बसवून मुख्यतः कारागिरांच्या हातांनी घडत असे. एकाच गाडीच्या उपयोगाचे प्रचंड साचे हे त्या काळाचे चित्रच नव्हते. अखंड पोलादी छताचे युग विलीनीकरणानंतर आले. रॉबर्ट फ्रीलँड यांनी कागदपत्रांच्या आधारे सांगितले की जनरल मोटर्सला खरी चिंता भावांच्या सेवा गमावण्याची होती, आणि पूर्ण खरेदीनंतर भावांची घासाघीस करण्याची ताकद कमी न होता वाढलीच. क्लाइन यांनी आपली बाजू सोडली नाही, आणि तो वाद पुढेही चालू राहिला.

कथेचे तपशील टिकले नाहीत म्हणून सिद्धांत कोलमडत नाही, कारण हार्ट यांची मांडणी त्या एका उदाहरणावर टेकलेली नव्हती. उलट फ्रीलँड यांनी समोर आणलेले चित्र तिच्याशी अधिक जुळते. इमारती आणि यंत्रे यांची मालकी मिळवता येते, पण ज्या कामात माणसाचे कसबच प्रमुख आहे तेथे मालकी हातात आल्यावरही कसबी माणसाला राजी ठेवावेच लागते, हेच फिशर बंधूंनी दाखवून दिले. या सिद्धांताचा व्यावहारिक परिणाम पुढे दूरवर पोहोचला. १९९७ मध्ये हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी त्याच्या आधारे तुरुंगासारख्या सेवा खाजगी कंत्राटदाराकडे द्याव्यात की नाही याचा विचार केला आणि दाखवले की जेथे दर्जा करारात बांधता येत नाही तेथे खर्च कमी करण्याची खाजगी मालकाची ओढ दर्जाच्या मुळावर येऊ शकते. कोझ यांना १९९१ मध्ये, विल्यमसन यांना २००९ मध्ये आणि हार्ट यांना बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांच्यासह २०१६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राचा या विचाराशी संबंध आहे, आणि तो साखरेच्या मार्गाने येतो. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचा उतारा घटत जातो, म्हणून तो जवळच्या कारखान्यात वेळेत पोहोचवावा लागतो. शेतकऱ्याला दूरचे गिऱ्हाईक शोधता येत नाही आणि कारखान्यालाही दुरून ऊस आणणे परवडत नाही. अडवणुकीची भीती दोन्ही बाजूंना सारखीच. दख्खनच्या कालव्यांवर उभ्या राहिलेल्या जुन्या खाजगी कारखान्यांनी, उदाहरणार्थ बेलापूर कंपनीने किंवा वालचंदनगरने, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन आणि स्वतःच ऊस लावून सोडवला, म्हणजे कारखान्याने शेत आपल्या ताब्यात घेतले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याने, ज्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला, नेमकी उलट वाट धरली आणि शेतकऱ्यांनीच कारखाना आपल्या मालकीचा केला. एकाच पेचाची ही दोन उत्तरे शेजारशेजारच्या शिवारांत उभी राहिली, आणि मालकीच्या सिद्धांताला यापेक्षा स्वच्छ उदाहरण डेट्रॉइटमध्येही सापडले नसते.

सहकारात दर सभासदाला एक मत असते, मग त्याचा ऊस एक एकर असो की पन्नास. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक हेन्री हान्समन यांनी १९९६ मध्ये लिहिले होते की मालक अनेक असले तरी त्यांचे हितसंबंध सारखे असतील तरच सामूहिक मालकी स्वस्तात चालते. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातील जवळजवळ १०० सहकारी कारखान्यांच्या १९७१ ते १९९३ या काळातील माहितीवर याच्या जवळचा विचार पारखला. त्यांच्या मांडणीनुसार मत समान असले तरी कारभारावर मोठ्या शेतकऱ्यांचा प्रभाव जास्त असतो. ऊसदर दाबून ठेवला म्हणजे कारखान्यात शिल्लक रक्कम साठते, आणि ती कशी खर्च करायची हे ठरवणारे तेच असल्याने तिचा लाभही त्यांच्याकडे वळतो. आसपासच्या शेतजमिनीत विषमता वाढली की ऊसदर आणि गाळपक्षमता दोन्ही खाली येतात, असे त्यांचे अनुमान होते, आणि आकडेवारीने त्याला दुजोरा दिला. लहान सभासदाकडे भागाचा दाखला होता, मत होते, आणि तरीही शिल्लक निर्णयाचा अधिकार दुसरीकडे होता. आपला ऊस नेमून दिलेल्या कारखान्यालाच घालण्याच्या सक्तीविरुद्ध, जिला शेतकरी झोनबंदी म्हणत, शेतकरी संघटनेने आवाज उठवला तो याच असहायतेतून. मालक म्हणून ऐकले जात नसेल तर निदान विक्रेता म्हणून दुसऱ्या दारी जाण्याची मोकळीक असावी, अशी ती मागणी होती.

गेल्या काही दशकांत राज्यातील अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडून खाजगी कंपन्यांना विकले गेले किंवा भाड्याने चालवायला दिले गेले. उसाची किमान किंमत केंद्र सरकार ठरवून देते आणि ती चौदा दिवसांत द्यावी असा नियम आहे, म्हणजे जे लिहिता येते ते कायद्याने लिहिलेले आहे. कोणाच्या शेतात तोड आधी लावायची, मळीपासून काय बनवायचे, गाळपक्षमता वाढवायची की नाही आणि मिळालेला पैसा कोठे गुंतवायचा या गोष्टी कोठेही लिहिलेल्या नाहीत. सहकारी कारखान्यात त्यांवर वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क सभासदाला होता, जरी तो बहुधा मोठ्यांच्याच सोयीने चालत असे. खाजगी कारखान्याला ऊस घालणाऱ्या त्याच शेतकऱ्याला ती सभा नाही.